अदलाबदलीचं सुकं विरजण: छोट्या डेअरीने घ्यावं का?

घ्यावं. सुकं विरजण म्हणजे दही लावणाऱ्या जिवाणूंची पाकिटातली पूड. पण ‘अ’ आणि ‘ब’ अशी, वेगवेगळ्या जातींच्या जिवाणूंची, दोन्ही पाकिटं घ्यावीत आणि आलटून पालटून वापरावीत. आम्ही ज्यांच्याकडून घेतो ते बेळगावचे दुकानदार बऱ्याचदा एकच पाकीट ठेवतात आणि “दोन्ही सारखीच हो, काही फरक नाही” म्हणून तेच हातात देतात. फरक आहे, मोठा आहे, आणि तो पाकिटावर कुठेच समजावून सांगितलेला नाही. म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आमची डेअरी खानापूर रस्त्याला. दही, ताक, लस्सी, आणि पाडवा जवळ आला की चक्का-श्रीखंड. पूर्वी कालच्या दह्यातलंच विरजण आज लावायचो. उन्हाळ्यात दही आंबट, थंडीत कधी लागायचंच नाही, मधेच तार सुटायची. सुक्या विरजणाने हे सगळं थांबलं. दूध तापवून ४२-४३ अंशांवर आणायचं, पाकीट टाकून ढवळायचं, डबे भरायचे. पाच-सहा तासांत असं दही लागतं की चमचा घातला की कड जशीच्या तशी उभी राहते. चव मवाळ आहे. घरच्या आंबटसर दह्याची सवय असलेल्यांना थोडी फिकी वाटेल. खानावळवाल्यांना मात्र हीच आवडते.

दुकानातून एकच, ‘अ’चं, पाकीट मिळत राहिलं, तेच आम्ही रोज वापरत राहिलो. आणि ऐन पाडव्याच्या तोंडावर दही लागेना. वेळ उलटून गेली तरी डबा तिरका केला की दूध दुधासारखंच हलायचं. पहिला संशय आला जनावरांना दिलेल्या अँटिबायोटिकचा. मग एका ओळखीच्या डेअरी तंत्रज्ञाने एक साधी परीक्षा सांगितली: एकाच कॅनमधलं दूध दोन डब्यांत घ्यायचं, एकात ‘अ’ घालायचं, दुसऱ्यात ‘ब’, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे. ‘ब’चा डबा वेळेत घट्ट झाला, ‘अ’चा तसाच पातळ. दुधात औषध असतं तर दोन्ही अडले असते. म्हणजे दूध चांगलं होतं, ‘अ’मधले जिवाणूच मारले जात होते.

मारणारा म्हणजे फेज, जिवाणूंना लागणारा विषाणू. माणसाला त्याचा काही त्रास नाही. दह्याच्या जिवाणूला, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसला, तो चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि तासाभराच्या आत जिवाणू फोडून डझनांनी नवे विषाणू बाहेर पडतात. ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चरायझेशन केलं तरी यातले बरेच तगतात. चक्क्याच्या फडक्यातून ठिबकणारी निवळी हे त्यांचं खरं घर.

पण जिवाणूही गप्प बसत नाही. २००७ साली विरजण बनवणाऱ्या डॅनिस्को कंपनीतल्या रोडोल्फ बारांगू, फिलिप होरव्हाथ आणि सहकाऱ्यांनी याच जिवाणूवर मुद्दाम फेज सोडले. बहुतेक जिवाणू मेले. जे थोडे तगले त्यांच्या डीएनएत, क्रिस्पर नावाच्या जागी, त्याच फेजच्या डीएनएचा सुमारे ३० अक्षरांचा तुकडा नव्याने आलेला दिसला. तो तुकडा काढला की प्रतिकार गेला, घातला की आला. ही जागा आमच्या उधारीच्या वहीसारखी आहे, फक्त नवी नोंद शेवटी न जाता सगळ्यात वर येते. दोन नोंदींच्या मधे तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा. असा मजकूर जपानात योशिझुमी इशिनो यांच्या गटाला १९८७ सालीच ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत दिसला होता. मधले तुकडे विषाणूंचे आहेत हे स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांनी २००५ साली मांडलं.

पुढच्या वेळी तोच फेज आत शिरला की त्या तुकड्याची आरएनए प्रत कास९ या प्रथिनाबरोबर जाते, जुळणारा डीएनए शोधते आणि कास९ तो कापून टाकतं. जिवाणूचा स्वतःचा जपलेला तुकडा मात्र कापला जात नाही, कारण फेजच्या डीएनएत त्या तुकड्याला लागून एक छोटी खूण असते, ती जिवाणूच्या साठ्यात नसते. शिवाय हा साठा पुढच्या पिढीला तसाच मिळतो. इतक्या बारक्या जिवाला आजारपण लक्षात राहतं आणि ते लेकरांपर्यंत पोचतं, हे कळल्यापासून मी विरजणाकडे वेगळ्याच आदराने बघते.

मग आमचा ‘अ’ का मेला? फेजही बदलतो. जुळणाऱ्या भागातलं एखादंच अक्षर बदललं तरी तो निसटू शकतो. आणि सगळ्याच फेजची नोंद जिवाणूकडे असते असंही नाही. रोज तीच जात वापरली की तिला फोडणारा फेज निवळीत, गटारात, फडक्यांत वाढत जातो. ‘ब’मधल्या जाती वेगळ्या, त्यामुळे त्याला तिथे शिरकाव मिळत नाही. अदलाबदल करायची ती यासाठी.

आता तक्रारी. पाकिटावर फक्त ‘आलटून पालटून वापरा’ एवढंच आहे, तेही इंग्रजीत. आमच्याकडची निम्मी पोरं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी. दोन्ही भाषांत चार ओळी छापल्या तर किती दूध वाचेल! कोणती जात कोणत्या फेजला तोंड देते हे विचारलं तर दुकानदाराकडे उत्तर नाही. पाकीट डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना ठेवायचं असतं. दुकानात ते आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये असतं, झाकण दिवसभर उघडझाप. म्हणून घेताना पाकिटातली पूड मोकळी आहे की गोळा झाली आहे, हे चाचपून घ्या. भावही घरच्या विरजणाच्या मानाने बराच जास्त.

तरी रोज शंभरेक लिटर दही लावणाऱ्याने हेच घ्यावं. फक्त खवा-कुंदा करणाऱ्यांना याची गरज नाही. घरी लिटरभर दूध विरजणाऱ्यांनीही यात पैसे घालू नयेत. आणि घेणार असाल तर चक्क्याची फडकी विरजणाच्या खोलीत आणू नका, निवळीची बादली आधी बाहेर काढा, ‘ब’ मिळत नसेल तर दुकानदाराला मागवायला लावा. आम्ही लावलं, आता तो दोन्ही ठेवतो.