नऊ फुटी फ्लाय रॉडचा संच: काठी घ्यावी, दोरी बदलावी

गेल्या मार्चमध्ये मी नऊ फूट लांबीचा, पाच क्रमांकाचा, चार तुकड्यांत सुटणारा फ्लाय रॉडचा, म्हणजे कृत्रिम माशी फेकून मासे धरायच्या काठीचा, संच मागवला. रॉड, रीळ, त्यावर आधीच गुंडाळलेली लाइन (फेकायची दोरी), एक लीडर (लाइन आणि माशी जोडणारा बारीक धागा), बारा कृत्रिम माश्यांची डबी आणि ठेवायला कापडी आवरणाची नळी एवढे सामान साडेचौदा हजार रुपयांत फोंड्याला घरपोच आले. अशाच बांधणीचे संच बाजारात तीन-चार नावांनी मिळतात, म्हणून कंपनीचे नाव न देता संचाविषयीच लिहितो आहे. आठ महिन्यांत तो मी एकमेकांच्या अगदी विरुद्ध अशा दोन पाण्यांवर वापरला: एप्रिल-मेच्या उन्हात मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या खाजन बांधावर (भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधावर), आणि ऑक्टोबरमध्ये हिमाचलातल्या तीर्थन नदीवर. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी पहिला रॉड घेऊ पाहणाऱ्या गोव्यातल्या माणसाला हा संच घ्यावा असे मी सांगेन, मात्र त्यातली लाइन पहिल्याच दिवशी काढून ठेवावी, असेही तितक्याच आग्रहाने सांगेन.

लाइनला एवढे महत्त्व का, हे आपल्या गरीशी ताडून पाहिले की लगेच कळते. गरीच्या दोरीला शिसे बांधलेले असते. आपण फेकतो ते शिसे, आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. ट्राउटची माशी म्हणजे गळावर दोऱ्याने बांधलेले थोडे पीस आणि थोडी लव. तिला वजन असे जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती फेकायची म्हटली तरी हातभर अंतरावर पडेल. येथे वजन असते ते लाइनच्या जाड, प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या अंगात. ती लाइन आधी डोक्यावरून मागे पूर्ण लांब सुटू द्यायची, तिच्या ओढीने रॉड वाकला की मग पुढे न्यायची, आणि पुढे उलगडत जाणारी लाइन माशीला अलगद पाण्यावर ठेवते. रॉडवर लिहिलेला पाचाचा आकडाही काठीच्या वजनाचा नसून, ती कोणत्या वजनाच्या लाइनने नीट वाकते याचा असतो. अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेच्या मानकानुसार पाच क्रमांकाच्या लाइनचे पहिले तीस फूट १४० ग्रेन भरावे लागतात, म्हणजे नऊ ग्रॅमच्या किंचित वर. त्यात थोडे कमी-जास्त चालते, पण साधारण ८.७ ते ९.५ ग्रॅमच्या आतच.

पहिले दोन आठवडे मी शाळेच्या रिकाम्या मैदानावर फेकीचा सराव केला आणि सगळा दोष स्वतःच्या मनगटाला देत राहिलो. मागची फेक सुटत होती, पण काठी वाकल्याचे हाताला जाणवतच नव्हते. काही केल्या चाळीस फुटांपलीकडे लाइन जाईना. शेवटी शंका आली म्हणून टोकाचा सपाट भाग सोडून तीस फूट मोजले, खुणेचा दोरा बांधला आणि ओळखीच्या सोनाराकडे जाऊन तेवढी लाइन तराजूत ठेवली. काटा ८.१ ग्रॅमवर थांबला. दोनदा केले, तेच आले. डबीवर पाच छापलेली ही लाइन मानकाप्रमाणे चार क्रमांकाची निघाली. ज्याच्या हाताला फेकीची सवय झालेली आहे तो एवढा फरक सांभाळून घेतो, परंतु शिकणाऱ्याचे सगळे शिक्षणच त्याने बिघडते, कारण काठी वाकत नाही म्हणून तो जोर वाढवतो आणि जोर वाढवला की फेक मोडते. मी विक्रेत्याला वजनाच्या छायाचित्रासह लिहिले. ‘सर्व संच तपासूनच पाठवले जातात’ एवढेच उत्तर आले.

दुसरी अडचण आपल्या हवेची आहे. ट्राउटच्या लाइनचा लेप मुद्दाम मऊ ठेवतात, कारण ट्राउटचे पाणी थंड असते आणि थंडीत कडक लेपाची लाइन स्प्रिंगसारखी वळ्या धरून बसते. हाच मऊ लेप गोव्याच्या मे महिन्यात आणखी मऊ पडतो. दिवाडीला मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दरवाजाजवळ) सकाळी साडेनऊ वाजताच लाइन रॉडवरच्या कड्यांना धरू लागली आणि बोटांतून सरकताना कोवळ्या फणसाच्या चिकासारखी लागली. माझ्याआधीपासून तेथे गरी घेऊन बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हे सगळे बराच वेळ मुकाट्याने पाहिले, मग जवळ येऊन लाइन दोन बोटांत धरली, नखाने हलकेच दाबली आणि ‘पुता, ही दोरी उन्हात पाघळते आहे, सावलीत तरी ठेव’ असे म्हणाले. लाइनवर त्यांच्या नखाची खूण खरोखरच उमटली होती आणि ती संध्याकाळपर्यंत गेली नाही. उष्ण पाण्यासाठी कडक लेपाच्या वेगळ्या लाइन मिळतात. गोव्यातच मासेमारी करायची असेल तर तीच घ्यावी लागेल, आणि तीर्थनला जायचे असेल तर थंड पाण्याची. दोन्हीकडे चालेल अशी लाइन मागणाऱ्याच्या पदरी दोन्हीकडे निराशा येते. डासांचे मलम लावलेल्या हातानेही लाइनला शिवू नये, कारण त्यातले डीईईटी प्लॅस्टिकचा लेप खाते.

मी साडेपाच हजारांची थंड पाण्याची नवी लाइन घेतली. तीही त्याच सोनाराच्या तराजूत घातली, ९.२ ग्रॅम भरली. त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, त्याच मैदानावर तीच काठी वेगळीच वाटली. मागची फेक सरळ झाली की मुठीपर्यंत एक हलकी ओढ येते, जशी पतंगाच्या मांज्याला वारा भरल्यावर येते, आणि ती ओढ हाताला कळली की पुढची फेक केव्हा करायची हे कोणी सांगावे लागत नाही. त्यानंतरच मी काठीचे परीक्षण करू शकलो.

काठी चांगली आहे. बुचाच्या मुठीत भेगा बुजवायला भरलेली पुट्टी थोडी जास्त आहे, पण मूठ माझ्या हाताला बरोबर बसते. चारही सांधे आठ महिन्यांनंतर घट्ट आणि सरळ बसतात, आणि ओल्या हाताने काढतानाही ते अडकले नाहीत. कंपनी तिला ‘जलद’ म्हणते, म्हणजे टोकाशीच वाकणारी. प्रत्यक्षात ती मध्यापर्यंत वाकते. तीर्थनसारख्या नदीसाठी मला हे दोषापेक्षा गुणच वाटले. क्रमांकाचे वजन तीस फूट लाइन बाहेर आहे असे धरून ठरते, पण डोंगरी नदीवर खडकामागच्या हातभर शांत पाण्यात माशी ठेवायची असते तेव्हा काठीबाहेर पंधरा-वीस फूटच लाइन असते, म्हणजे ठरलेल्या वजनाच्या फार तर निम्मे ते दोन-तृतीयांश. खरोखरची जलद काठी एवढ्या वजनाला दाद देत नाही. ही देते.

तीर्थन नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून उगम पावते आणि लारजीजवळ बियासला मिळते. तेथले तपकिरी ट्राउट मूळचे नव्हेत. इंग्रजांनी १९०९ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात काश्मीरमार्गे त्यांची अंडी आणली. मत्स्यखाते अधूनमधून पिल्ले सोडते, तरी वरच्या थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात हे मासे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच वाढत आले आहेत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी खडीत अंडी घालतात. म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तेथे ट्राउटची मासेमारी बंद असते. तेथल्या मूळच्या स्नो ट्राउटला या पाहुण्यांची झळ पोचली, हेही मनात ठेवावे लागते. परवाना हिमाचलच्या मत्स्यखात्याकडून घ्यावा लागतो. जाताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: चार तुकड्यांचा असूनही या रॉडची नळी जवळपास पाऊण मीटर भरते आणि देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला पंचावन्न सेंटिमीटरची मर्यादा असते, त्यामुळे मोपा विमानतळावर मला ती सामानकक्षातच द्यावी लागली. नळीच्या आतला कप्पा जाड असल्याने रॉड सुखरूप पोचला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नदीकाठच्या गुशैणी गावाच्या वरच्या बाजूला पाणी काचेसारखे होते. सकाळी सात वाजता माझ्या तापमापकाने अकरा अंश दाखवले. न्याय व्हावा म्हणून पहिल्या दिवशी अर्धा तास मी जादा स्पूलवर नेलेली संचातलीच लाइन लावली. चिकटपणा थंडीने गेला होता, पण अरुंद रिळावरून सुटलेल्या लाइनच्या वळ्या पाण्यावर तशाच राहिल्या, आणि वळ्या असल्या की माशाने माशी तोंडात घेतल्याचे हाताला पोचत नाही. तरीही एका खडकाच्या कडेला मासा लागला, एकदा चंदेरी-पिवळा चमकला, आणि लाइन एकदम हलकी झाली. माझी गाठ सुटलेली नव्हती. लाइनच्या टोकाला कारखान्यातच चिकटवून दिलेला फास उघडला होता आणि नऊ फुटी लीडर माशासकट गेला. गळाचा उलटा दात मी आधीच पकडीने दाबून टाकलेला होता, त्यामुळे तो लवकर सुटला असेल अशी आशा आहे. पण तोंडातून नऊ फुटांचा धागा ओढत फिरणारा मासा त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. या संचातली एवढी एकच चूक मला माफ करता येत नाही. कोणी संचातलीच लाइन वापरणार असेल, तर निदान तो फास कापून टाकावा आणि लीडर नेल नॉट या गाठीने बांधावा.

पुढचे तीन दिवस नवी लाइन होती. शिशाच्या मण्याने जड केलेली छोटी कृत्रिम अळी, पाण्याखालच्या कॅडिस या किड्याच्या अळीसारखी दिसणारी, धारेच्या कडेने सोडत गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी लागलेला ट्राउट अकरा इंचांचा होता. तो खाली जोरकस धारेत शिरला तेव्हा काठी मुठीपर्यंत कमानीसारखी वाकली आणि त्या वाकण्याने जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचा टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा बारीक धागा, वाचला. ताठ काठीवर तो नक्की तुटला असता. हात पाण्यात भिजवून, मासा पाण्याबाहेर न काढता मी त्याच्या तोंडातला गळ सोडवला. पाठीवर तेलकट तपकिरी रंग, पोटाकडे लोण्यासारखा पिवळा, आणि कुशीवर शेंदरी ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे. धारेकडे तोंड करून धरल्यावर त्याचे कल्ले तीन-चार वेळा हलले आणि तो हातातून निघून गेला.

रिळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ट्राउटला ते लाइन साठवण्यापुरतेच लागते आणि तेवढे काम ते करते. डबीतल्या माश्यांपैकी निम्म्यांचे डोके पहिल्याच दिवशी उसवले.

गोव्यात मात्र या काठीकडून फार अपेक्षा ठेवू नये. मांडवीच्या खाऱ्या पट्ट्यात तिच्यावर मी वीतभर लांबीचे तीन तामसे धरले आणि ते धरताना मजा आली, पण खाडीच्या मुखाशी चोणक (जिताडा) लागला तर पाच क्रमांकाची काठी त्याला खारफुटीच्या मुळांपासून वळवू शकणार नाही. त्यासाठी आठ क्रमांकाची हवी. म्हादईच्या वरच्या अंगाचे गोडे पाणी पाहून तेथे जाण्याचा मोह होतो, परंतु अभयारण्याच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे आणि ती पाळायलाच हवी.

खाऱ्या पाण्यावरून आल्यावर रॉड, रीळ, कड्या सगळे गोड्या पाण्याखाली धुवावे लागते. मी एकदा आळस केला आणि आठवड्यात रिळाच्या मुठीच्या स्क्रूला गंज चढला. नळीची झिपही तेव्हापासून अडखळते. पावसाळ्यात ओलसर रॉड नळीत बंद ठेवला तर बुचावर बुरशी येते, म्हणून जूनपासून मी त्याचे तुकडे कपाटात मोकळे उभे ठेवतो.

सप्टेंबरात टोकाकडून तिसऱ्या कडीचा पाय लाखेतून सुटला. हमी वर्षाची असूनही कंपनीने वाहतूक खर्चासह पूर्ण रॉड परत मागितला आणि दीड महिना लागेल असे कळवले. माझा प्रवास तीन आठवड्यांवर होता. तेव्हा फोंड्याच्या बाजारात गरीचे सामान विकणाऱ्या काकांकडे मी तो तुकडा घेऊन गेलो. त्यांनी जुनी लाख ब्लेडने खरवडली, काळा नायलॉनचा दोरा एकाला एक लागून चाळीस वेढे घट्ट गुंडाळला, वर इपॉक्सीचा पातळ हात दिला आणि तो सुकेपर्यंत दर पाच मिनिटांनी तुकडा फिरवत राहिले. साठ रुपये घेतले. तीर्थनच्या चार दिवसांत आणि त्यानंतरही ती कडी जागची हललेली नाही.