नंदनवनमधला वाचनवर्ग: कोणी लावावा, कोणी लावू नये

महिन्याच्या शेवटी मार्कांचा कागद हातात हवा असेल तर हा वर्ग लावू नका. इथं परीक्षा नाही, गृहपाठ नाही, शाळेचं पुस्तक तर दप्तरातून बाहेरही काढू देत नाहीत. पण मूल तिसरी ओलांडूनही अक्षराला अक्षर जोडत अडखळत असेल, किंवा धडा घडाघडा म्हणून दाखवत असेल आणि धड्यात काय झालं ते मात्र सांगता येत नसेल, तर नागपुरात याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

आमचा मुलगा चौथीत आहे, सेमी-इंग्रजीला. माझं हार्डवेअरचं दुकान. घरात माझ्या आईची काटोलकडची बोली, दुकानात हिंदी, शाळेत गणित इंग्रजीतून, आणि मराठीच्या पुस्तकातली भाषा या सगळ्यांहून निराळी. शाळेतून निरोप यायचा, 'वाचनाचा सराव घ्या.' सराव घ्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नव्हतं. एकेक अक्षर सुटं सुटं म्हणत तो ओळीच्या शेवटी पोचायचा, तोवर ओळीची सुरुवात डोक्यातून गेलेली असायची. वर्गातल्या ताईंनी पहिल्याच भेटीत याचं कारण सांगितलं: सगळी ताकद अक्षर ओळखण्यातच खर्च झाली की अर्थासाठी काही उरत नाही. 'वाच, वाच' म्हणून हे सुटत नाही.

वर्ग दोघी ताई घेतात, एकीच्या घरातल्या पुढच्या खोलीत. सुरुवातीला पुस्तकच नसतं. ताईंनी त्याला तान्ह्या पोळ्याबद्दल, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाबद्दल, विचारलं, "तान्ह्या पोळ्याला काय केलं रे?" तो जसा बोलला तसं त्यांनी मोठ्या पिवळ्या कागदावर ठळक अक्षरांत उतरवून घेतलं: "माझ्या बैलाचं चाक निघून गेलं. मी त्याले दोरीनं बांधलं. आजी हासून राह्यली होती." 'त्याले' तसंच ठेवलं, 'हासून राह्यली' तसंच ठेवलं. लाल पेन कुठंच फिरला नाही. हा कागद त्यानं न अडखळता वाचला, कारण वाक्यं त्याचीच होती, पुढं काय येणार ते त्याला ठाऊक होतं.

खरं काम त्यानंतरचं. ताईंनी कागद कापून वाक्यांच्या पट्ट्या केल्या, मिसळल्या आणि क्रमानं लावायला दिल्या. मग पट्ट्या कापून सुटे शब्द केले. शब्द एकटा पडला की अंदाज चालत नाही, अक्षराकडे नीट बघावंच लागतं. 'बांधलं'वरचे दोन अनुस्वार तेव्हा कुठं त्याच्या नजरेत भरले. शेवटी ताईंनी खाली पुस्तकातल्या मराठीत लिहिलं, "आजी हसत होती", आणि दोन्ही वाक्यं भिंतीवर शेजारी शेजारी लावली. एक घरचं, एक पुस्तकातलं, दोन्ही बरोबर. माझी आई त्याला आणायला गेली तेव्हा तिनं ते वाचलं. "हे त आपलंच बोलणं हाये!" एवढंच म्हणाली, पण त्या दिवसापासून नातवाजवळ बसून तीच त्याचं वाचन ऐकते.

लिपी शिकवण्याची रीतही मला पटली. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, पण उच्चारायची अक्षरानंतर. रफाराचं उलटं: 'पर्वत'मध्ये र म्हणायचा वच्या आधी आणि तो बसतो वच्या डोक्यावर. म्हणून मुलं 'पवरत' वाचतात. यात मूल मठ्ठ असण्याचा काही संबंध नाही. ताईंकडे पुठ्ठ्याची अक्षरं आहेत, त्यात रफार लाल रंगाचा. मूल शब्द हळू म्हणतं आणि र ऐकू आला की तो लाल तुकडा उचलून पुढच्या अक्षरावर ठेवतं. 'सूर्य', 'वर्ग', 'गर्दी' असं करत करत आमच्याकडे तर दुकानाच्या पाट्यांपर्यंत रफार शोधणं सुरू झालं.

शेवटची वीसेक मिनिटं मोठ्या ताई स्वतः मोठ्यानं वाचतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक या खोलीत गठ्ठ्यानं आहेत. लहानांसाठी प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वरच्या मराठी गोष्टी छापून ठेवल्यात, त्या फुकट उतरवून घेता येतात. वाचता वाचता ताई थांबतात, "आता हा काय करेल?" असं विचारतात. इथं मुलं भांडतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं असतं. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्यालाही गोष्टीवर मत मांडता येतं.

आपलंच मूल मागे आहे असं वाटून पालक गप्प बसतात, म्हणून एक आकडा देतो. २०२४ च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण २७ टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पाहणी खेड्यांतली आहे, पण अशी मुलं आमच्या गल्लीतही आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या मोहिमेचं उद्दिष्टच मुळी तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं हे आहे. चौथीत मूल अडखळत असेल तर आणखी एक वर्ष वाट बघू नका.

आता उणिवा. दुसरीपासून सातवीपर्यंतची मुलं एकाच खोलीत बसतात. सातवीतला एक मुलगा लहानांमध्ये बसायला लाजून यायचाच बंद झाला, याचं मला फार वाईट वाटतं. मोठ्यांसाठी वेगळी वेळ ठेवायलाच हवी. लिहिण्याकडे लक्ष कमी आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आमच्याकडे अजून तसाच आहे. पालकांना आपणहून काही कळवत नाहीत, आपण जाऊन विचारावं लागतं. विचारलं की मात्र ताई मोकळेपणानं सांगतात. एका आईला त्यांनी आधी मुलीचे डोळे आणि कान तपासून घ्या, मग गरज वाटली तर तज्ज्ञांना दाखवा, असं स्पष्ट सांगितलं आणि तोवर फी घेतली नाही.

फी महिन्याला सहाशे, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात. मे महिन्यात बंद. सध्या जागा भरल्या आहेत. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात विचारा, आणि जाताना मुलाला सोबत न्या, कारण ताई त्याच्याशी बोलल्याशिवाय नाव लिहून घेत नाहीत.