ताडोबाच्या वाघाचं 'अस्सल तैलचित्र' आणि माझे ३८,५०० रुपये

बाबा चंद्रपूरकडे ३१ वर्षं वनरक्षक होते. त्यांच्या पंचाहत्तरीला ताडोबाच्या वाघाचं तैलचित्र द्यायचं मी ठरवलं. चित्रकार म्हणवणाऱ्या माणसाने ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ बसून केलेली स्केचेस पाठवली, अर्धवट चित्राचा व्हिडिओही पाठवला. आगाऊ १५,००० दिले, चित्र झाल्यावर २१,००० आणि फ्रेम-पॅकिंगचे २,५००. आलं ते कॅनव्हासवर छापलेलं चित्र, वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेलं.

आधी पाठवलेल्या फोटोतच मला कळायला हवं होतं. वाघामागे पळस पेटल्यासारखा फुललेला आणि शेजारी साग गच्च हिरवा! माझं लहानपण जंगलाशेजारच्या क्वार्टरमध्ये गेलंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा सागाची पानं झडून पायाखाली वाजत असतात. मी विचारलंसुद्धा. "कलाकाराला तेवढी मोकळीक असते, ताई," म्हणाला आणि मी गप्प बसले. जंगलात बसून काढणारा ऋतू चुकवेल कसा? बाबांनी कागद सोडवल्यावर पहिला प्रश्न हाच केला, "हा कुठल्या महिन्यातला गं?" तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वस्त मिळतंय म्हणून मी भुलले नव्हते. दोन ठिकाणी भाव विचारूनच पैसे दिले होते.

"आठ दिवसांपूर्वी पूर्ण केलं" म्हणणाऱ्याच्या चित्राला जवसाच्या तेलाचा वास हवा. याला नव्हता. भिंगातून बघा, रंगीत ठिपके दिसले की छापील. फटकारे केसांच्या दिशेने आहेत का तेही बघा. माझ्या वाघाच्या मानेवर ते आडवे गेलेत.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "चित्र मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." तिसऱ्यांदा एकाने भिंग हातातही न घेता म्हटलं, "छान आहे की वाघ." अर्ज घेतला, पोच दिली नाही. ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पत्ता लागतो. पार्सलवरच्या पत्त्यावर तर मोबाइल दुरुस्तीचं दुकान निघालं! पत्ता शोधायचा तोही मीच?

बिलावर फक्त 'कॅनव्हास आर्ट' लिहिलंय, तेच मला नडलं. 'हाताने रंगवलेलं तैलचित्र' असं लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. संशय आला त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी "बदलून देतो"वर विसंबून अकरा दिवस घालवले, तोवर त्याने नंबर बंद केला.

फुललेला पळस, हिरवा साग आणि डावीकडे पाणवठ्यावर वाघ. हेच चित्र कुणाच्या घरी आलं असेल तर मला सांगा, सोबत अर्ज करू.