दिवेआगर: भर पावसात पाखरं बघायची तर ही वाडी

पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगरला गेलं की राहायच्या जागा ढिगाने मिळतात. मी लिहितेय ती वाडी त्यांतली सगळ्यांत देखणी नाही. पण वादळवाऱ्यात पक्षी नेमकं काय करतात हे पडवीत बसून बघायचं असेल, तर याहून चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या पोफळी-माडांच्या वाड्या आडव्या झाल्या. या वाडीतही फार थोडी झाडं उरली. लोकांनी मोडके माड तोडून जागा मोकळी केली. इथल्या काकांनी कुंपणाकडचे शेंडा उडालेले मोजके माड तसेच उभे ठेवले. "वादळानंतर पिंगळे भर दुपारी उघड्यावर बसलेले असायचे, कावळे त्यांना टोचून हैराण करायचे. ढोलीचं झाडच उरलं नव्हतं. मग म्हटलं, हे सोट राहू देत," काका सांगत होते. मेलेल्या माडात गेंडा भुंगा वाढतो ही शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे, म्हणून काका ते बुंधे सतत तपासतात, एखादा कुजायला लागला की काढून टाकतात. सुतार पक्ष्यांनी पोखरलेल्या ढोल्यांत आता पोपट, साळुंक्या आणि पिंगळ्यांचं एक जोडपं राहतं. दुरुस्तीच्या त्या धबडग्यात हे सुचलं आणि त्यांनी ते टिकवलं, याचं मला फार मोल वाटतं.

मागची पडवी वाडीच्या पूर्वेला उघडते. नैर्ऋत्येचा वारा घर अडवतं, त्यामुळे ही बाजू आडोशाची. माणसाला आणि पाखरालाही. सुगरणींची घरटी माडाच्या याच अंगाला लोंबतात. मी होते तेव्हा नर ओल्या गवताच्या चिरोट्या आणून विणत होते आणि जोराची सर आली की काम टाकून झावळ्यांत शिरत होते. वाळक्या झावळ्या पावसाळ्याआधी उतरवायची रीत आहे, पण इथे एका माडाच्या राखून ठेवल्या आहेत. त्यांच्या पोटाशी ताडपाकोळ्या चिकटून बसतात. त्यांचं घरटंही तिथेच, लाळेने डकवलेलं, आणि अंडीसुद्धा लाळेनेच चिकटवलेली, म्हणून झावळी हेलकावली तरी ती पडत नाहीत.

वारा खरा उठला तेव्हा मी फणसाकडे दुर्बीण लावून बसले होते. नारद बुलबुल खोडालगत, पानांच्या दाटीत, वाऱ्याकडे तोंड करून ताठ बसलेले. पाठीमागून वारा आला तर पिसं उलटतात आणि पाणी कातडीपर्यंत जातं, म्हणून ही बैठक. रिमझिमीत अंग फुगवून बसणारा पक्षी धुवांधार पावसात पिसं चापून घेतो, पाणी वरच्यावर ओघळून जातं. फांदी एवढी हलत असताना ते पडत कसे नाहीत? पाय दुमडला की स्नायुरज्जू ताणले जातात आणि बोटं आपोआप आवळतात. धरून ठेवायला फारसं बळ लागत नाही. सर ओसरली की सगळ्यांची खाण्यासाठी एकच धांदल. लहान जिवाचं अंग लवकर गार पडतं, त्याला फार वेळ उपाशी राहणं परवडत नाही. ओल्या पक्ष्याला जवळ जाऊन उठवू नये ते याचसाठी. एक पाहुणे फ्लॅश घेऊन घरट्याखाली निघाले, तर काकांनी त्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवलं. बरं केलं.

पडवीच्या कोपऱ्यात भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं कायम तयार असतं. पावसाळी वाऱ्यात खोल समुद्रावरचे पक्षी, मास्क्ड बूबीसारखे, कधीकधी थकून कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. लोक कळवळून त्यांना परत पाण्यात सोडतात किंवा चोचीत पाणी ओततात. दोन्ही घातक. पक्षी कोरड्या, अंधाऱ्या खोक्यात ठेवायचा, खायला-प्यायला काही घालायचं नाही आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. काका हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

जेवण साधं आणि उत्तम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या मासळीचा हट्ट धरू नका. काकूंचं कुळथाचं पिठलं आणि सुकटीची चटणी पोटभर खा. अंथरुणं दमट होती, कपडे वाळवायला सोय नाही आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात. मला खरी खटकली ती अंगणातली हॅलोजन. ती रात्रभर थेट झाडांवर पडते. रात्री निवाऱ्याला आलेल्या पाखरांना अंधार हवा. मी सांगितल्यावर काकांनी लगेच बंद केली, पण पाहुण्याने सांगायची वेळच येऊ नये. खाली तोंड असलेला लहान दिवा पुरेसा आहे.

हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर जाऊ नका, ताम्हिणीत दरडी येतात. एरवी जुलैचा पहिला पंधरवडा उत्तम. खोली घेताना रस्त्याकडची नको, मागच्या पडवीची मागा, आणि दुर्बिणीच्या काचा पुसायला दोन-तीन सुती फडकी न्या.