शेतकरी ग्रुप कुठं चालवावा? व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी आणि टेलिग्राम टॉपिकची पारख

मराठवाड्यात गावाचा, मंडळाचा नाहीतर शेतकरी उत्पादक कंपनीचा ग्रुप मोबाइलमध्ये नाही असा शेतकरी शोधावा लागेल. यातले बहुतेक ग्रुप दोनपैकी एका अवस्थेत असतात. एक तर ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ असं कुलूप लागलेलं, नाहीतर शुभ सकाळ, वाढदिवसाचे बॅनर आणि ‘ही माहिती सर्वांना पाठवा’ यांच्या ढिगाखाली गाडलेले. दोष लोकांचा आहे म्हणून अ‍ॅडमिन मोकळे होतात. आम्हाला तसं वाटत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठं जाऊन पडतं, चुकीचं उत्तर कोण आणि कसं काढतं, या दोन गोष्टींवर ग्रुपचा स्वभाव ठरतो. दोन्ही अ‍ॅप फुकट आहेत, त्यामुळे पैशाचा मुद्दा नाही. इथं तोलतोय ते साधारण 300 ते 900 सभासदांचा, कापूस-सोयाबीनवाल्यांचा ग्रुप डोळ्यासमोर ठेवून.

आधी औषधाच्या मात्रेचं उदाहरण घेऊ, कारण सगळा घोळ तिथं उघडा पडतो. बोंडअळीला काय मारावं, असा प्रश्न येतो. कुणीतरी टाकतं, ‘इमामेक्टिन 4 ग्रॅम’. ही मात्रा 5 टक्के एसजीची (पाण्यात विरघळणाऱ्या दाण्यांची) आणि 10 लिटर पाण्याची, पण ते लिहायचं राहतं. तेवढ्यात मोंढ्यातला, म्हणजे बाजार समितीतला भाव येतो, दोन बॅनर येतात, एक व्हॉइस मेसेज येतो. मग दुसरा लिहितो, ‘काका, पेट्रोल पंपाला तिप्पट घ्या’. हेही बरोबरच, कारण पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून द्रावण तेवढं दाट करायचं असतं. पण वर न जाता फक्त शेवटचा मेसेज वाचणारा बॅटरी पंपातच तिप्पट टाकतो. आणि ज्याच्याकडं 20 लिटरचा पंप आहे तो पहिला मेसेज धरून 4 ग्रॅमच टाकतो, म्हणजे निम्मी मात्रा, आणि ‘औषध डुप्लिकेट निघालं’ म्हणत दुकानदाराशी भांडायला जातो. उत्तरं दोन्ही बरोबर होती. ती प्रश्नाला चिकटून राहिली नाहीत, एवढंच बिघडलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर याला उपाय एकच: मेसेज उजवीकडं सरकवून रिप्लाय करणं. वर मूळ मेसेजचा तुकडा दिसतो, त्यावर बोट ठेवलं की मूळ जागी जाता येतं. पण एका प्रश्नाला आलेली सात उत्तरं सलग वाचायला मिळत नाहीत, ती दिवसभराच्या ओघात विखुरलेली राहतात. कम्युनिटी म्हणजे अनेक ग्रुप एका छताखाली आणायची सोय; तिच्या घोषणा ग्रुपमध्ये 2024 पासून जरा सुधारणा आहे. तिथं घोषणेखालची उत्तरं एकत्र बांधून, घडी घातलेली दिसतात आणि सगळ्यांचा फोन वाजत नाही. मात्र घोषणा अ‍ॅडमिननंच टाकायची असते. शेतकऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाला ही सोय मिळत नाही, आणि नेमकी गरज तिथंच असते.

टेलिग्रामनं 2022 च्या अखेरीस ‘टॉपिक’ आणले. एकाच ग्रुपच्या पोटात विषयवार वेगळे कप्पे, प्रत्येकाची सूचना वेगळी बंद-चालू करता येते. ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘टॉपिक्स’ चालू केलं की झालं. कप्पे किती करावेत? सोयाबीन, कापूस, तूर-हरभरा, फळबाग, जनावरं, मोंढा भाव, योजना-कागदपत्रं, पाऊस-पाणी आणि शेवटचा ‘पार’. एवढे नऊ पुरेत. त्याच्या वर गेलात की निम्मे ओस पडतात, आणि ओस कप्प्यात विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की माणूस परत फिरकत नाही. ‘पार’ मात्र काढू नका. वाढदिवस, दशक्रिया, बैलांची विक्री, राजकारण, सगळं तिथं. गप्पांना जागा दिली नाही तर त्या सोयाबीनमध्ये येऊन बसतात.

इथं हमखास एक चूक होते. टॉपिक चालू केले तरी ‘जनरल’ नावाचा मूळ कप्पा वर तसाच राहतो. तो डिलीट होत नाही. लोक सवयीनं त्यातच लिहितात आणि महिन्याभरात बाकी कप्पे शोभेचे होतात. तो लपवता येतो, पहिल्याच दिवशी लपवा. दुसरी अडचण अशी की भलत्या कप्प्यात पडलेला मेसेज उचलून योग्य कप्प्यात हलवायची सोय नाही. अ‍ॅडमिननं तो योग्य कप्प्यात फॉरवर्ड करायचा, मग मूळ मेसेज काढायचा. फॉरवर्डवर पाठवणाऱ्याचं नाव राहतं, त्यामुळे कुणाचा प्रश्न ते हरवत नाही. हंगामात हे काम रोज करावं लागतं. करायला माणूस नसेल तर टॉपिकच्या भानगडीत पडू नये.

फोटोच्या बाबतीत फरक आणखी ठळक दिसतो. सोयाबीनचं पिवळं पान टाकून ‘हे काय आहे दादा’ विचारलं, तर एक जण येलो मोझॅक म्हणणार, दुसरा लोहाची कमतरता. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतात. लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानात हे जास्त दिसतं. दोन्हींचे उपाय वेगळे. एकाच दुपारी चार जणांनी चार पिवळी पानं टाकली आणि उत्तरं सरमिसळ झाली, तर रोगट झाडं उपटायची तिथं लोहाची फवारणी होते. म्हणून सोयाबीनच्या कप्प्यात वर एक नमुना पिन करून ठेवावा: पीक, वाण, पेरून किती दिवस झाले, याआधी काय फवारलं, पंप कोणता आणि किती लिटरचा, गाव. सोबत तीन फोटो: अख्खं झाड, पानाची खालची बाजू, रानाचा लांबून एक. टेलिग्रामवर फोटो साधा पाठवला तर दाबला जातो, ‘फाइल’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर एचडी हा पर्याय निवडावा. पानाखालची माशी दिसायची तर एवढं करावंच लागतं.

आता काटछाटीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर 2022 पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण त्या जागी अ‍ॅडमिनच्या नावासकट खूण उरते. शहरातल्या ग्रुपमध्ये याचं काही वाटत नसेल. गावात ज्याचा मेसेज काढला तो संध्याकाळी हॉटेलावर समोर बसतो आणि विषय भावकीपर्यंत जातो. म्हणून गावचे अ‍ॅडमिन काही काढतच नाहीत, आणि फारच झालं की ग्रुपलाच कुलूप लावतात. मधली पायरीच नाही. माणसाला दोन दिवस गप्प बसवायची सोय नाही, ठेवायचं किंवा काढायचं. टेलिग्रामवर मेसेज खूण न ठेवता जातो, आणि कितीही जुना असला तरी काढता येतो. कुणी काय काढलं याची नोंद ‘अलीकडच्या कृती’मध्ये 48 तास राहते, तीही फक्त अ‍ॅडमिनना दिसते. यानं तंटा टळतो खरा, पण ‘माझा मेसेज गेला कुठं?’ असा संशयही वाढतो. आमच्या मते काढलेल्या मेसेजच्या मालकाला खासगीत एक ओळ लिहावी: ‘अण्णा, मात्रा कशाच्या आधारावर आहे ते लिहून परत टाका.’ एवढ्यावर बहुतेक जण समजून घेतात.

टेलिग्रामची मधली पायरी म्हणजे स्लो मोड आणि मुदतबंदी. स्लो मोडमध्ये एका माणसाच्या दोन मेसेजमध्ये काही सेकंदांपासून 1 तासापर्यंत अंतर पाडता येतं. पेरणीच्या दिवसांत 1 मिनिट ठेवला तरी भांडणाची धार जाते, कारण चिडलेल्या माणसाला तेवढा वेळ थांबणं भाग पडतं. 15 मिनिटांचा ठेवू नका, उत्तर देणारेच कंटाळून जातात. एखाद्याला एक दिवस किंवा एक आठवडा फक्त वाचू द्यायचं, लिहू द्यायचं नाही, असंही करता येतं. स्टिकर, व्हिडिओ, व्हॉइस, लिंकची झलक यांची परवानगी वेगवेगळी बंद करता येते. कमतरता अशी की ही बंधनं अख्ख्या ग्रुपला लागतात, कप्प्यागणिक नाही. पारावर स्टिकर चालू आणि कापसात बंद, असं जमत नाही. व्हॉइस मेसेज शोधात सापडत नाही म्हणून तो बंद करावासा वाटतो, पण ज्यांना टाइप करणं जमत नाही अशा जुन्या जाणत्यांचं तोंडच बंद होतं. व्हॉइस चालू ठेवावा, आणि चांगल्या उत्तराचा सार कुणीतरी त्याखाली दोन ओळीत लिहावा.

फॉरवर्डवर व्हॉट्सअ‍ॅपची पकड मात्र चांगली आहे. पाच किंवा जास्त वेळा फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, त्यावर दुहेरी बाणही दिसतो. टेलिग्रामवर असा लगाम नाही, नियम तुम्हालाच करावा लागतो. दोन नियम बास: तारीख आणि मूळ नसलेला पाणी सोडल्याचा मेसेज लगेच काढणार, आणि योजनेचा मेसेज शासन निर्णयाच्या तारखेशिवाय ठेवणार नाही. जायकवाडीतून विसर्ग वाढला की जुन्या वर्षांचे क्युसेकचे आकडे आणि दरवाज्यांचे जुने व्हिडिओ नव्यानं फिरू लागतात. गोदाकाठच्या गावांत त्यानं उगाच पळापळ होते, आणि खरी सूचना येते तेव्हा लोक दुर्लक्ष करतात. एक रुपयातला पीक विमा 2023 च्या खरिपात आला आणि 2025 च्या खरिपापासून बंद झाला, तरी त्याचा मेसेज कुठं ना कुठं निघतोच. पिन केलेला मजकूरही असाच शिळा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवसांनी आपोआप निघते, हा त्याचा गुणच म्हणावा. टेलिग्रामवरची पिन काढेपर्यंत राहते, हंगाम बदलला की ती उपसावी.

मोंढा भावाच्या कप्प्यात बाजार समितीचं नाव, तारीख, किमान-कमाल-सर्वसाधारण दर आणि ओलावा एवढं असलंच पाहिजे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत 12 टक्के ओलाव्याची अट असते. ओलावा न लिहिता टाकलेला ‘लातूर, कमाल’ भाव पाहून 18 टक्क्यांचा माल घेऊन गेलेला माणूस ग्रुपला शिव्या देणारच.

नव्या माणसाच्या बाबतीत टेलिग्राम सरळ पुढं आहे. साध्या खासगी ग्रुपमध्ये जुना इतिहास दिसू द्यायचा का, हे अ‍ॅडमिन ठरवतो; टॉपिक चालू असले की तो दिसतोच. तो दिसला की ‘75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’ किंवा ‘कामगंध सापळ्यात (वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग 3 दिवस रोज 8 पतंग आले की बोंडअळीची फवारणी’ हे शंभरदा सांगावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नव्याला आपोआप मागचं काही दिसत नाही, म्हणून तेच प्रश्न परत येतात आणि जाणकार माणूस वैतागून म्यूट करतो. म्यूट झालेले जाणकार परत आणणं हे सगळ्यात अवघड काम. फोन नंबरचंही तेच. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि बायका त्यात का लिहीत नाहीत याचं एक मोठं कारण हेच आहे. टेलिग्रामवर ज्यानं त्यानं आपला नंबर लपवावा, कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये तो इतर सभासदांपासून झाकलेला असतो.

मग सगळे टेलिग्रामवर का नाहीत? कारण घरातल्या आईच्या, सालगड्याच्या, सरपंचाच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आहे, आणि टेलिग्राम म्हटलं की अनेकांना पिक्चर आणि शेअर बाजाराच्या फसव्या टिपाच आठवतात. त्या फसव्या लोकांचा उपद्रव खराच आहे. उघड्या लिंकनं कुणालाही आत घेतलं की दोन दिवसांत ‘दुप्पट पैसे’वाले येतात. प्रवेश मंजुरीनंच ठेवा, विनंती आली की गाव विचारा. मंजुरीची सोय व्हॉट्सअ‍ॅपवरही आहे, वापरत कुणी नाही.

अ‍ॅडमिन घाबरतात त्या कायद्याबद्दल एवढंच: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय की सामायिक हेतू दिसल्याशिवाय, सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. मजकूर पडण्याआधी तो अडवायचं साधन त्याच्याकडं नसतं, हेही त्यात आलं आहे. तेव्हा भीतीपोटी कुलूप लावायचं कारण नाही. दिसलं की काढायचं, एवढं करावं.

आमचा कौल असा. 100 च्या आतला, एकाच गावाचा ग्रुप असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा साधा ग्रुप आणि रिप्लाय करायची सवय पुरे. तालुकाभर पसरलेला, दोन-तीन पिकांचा असेल तर विजेचा इशारा, विसर्ग, सभेची वेळ यासाठी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीची घोषणा आणि प्रश्नोत्तरासाठी टेलिग्रामचे टॉपिक, अशी जोडी ठेवावी. घोषणेत दर आठवड्याला त्या आठवड्याच्या चांगल्या उत्तराची लिंक टाकत राहिलं तर हळूहळू माणसं तिकडं जातात. जबरदस्तीनं एका रात्रीत सगळे हलवायला गेलात तर दोन्ही ग्रुप मरतात.

अ‍ॅडमिन तीन असावेत, तिघं तीन पिकांचे, आणि त्यातला एकही कृषी सेवा केंद्राचा मालक नसावा. सभासद म्हणून तो हवाच, कारण औषधांची माहिती त्यालाच असते. टेलिग्रामवर ग्रुपची मालकी एकाकडंच असते. ती दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालकाच्या खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी निदान 7 दिवस आधीपासून चालू असावी लागते. ग्रुप काढाल त्याच दिवशी ती लावून ठेवा.