चढणीचे मासे आणि उतरणीचे खेकडे

मृगाचा पाऊस कोसळला की कोकणात वहाळ, म्हणजे ओढे, फुगतात आणि मासे पाण्याच्या उलट दिशेने चढू लागतात. हीच वलगण. अंतर किती, तर वहाळातून भाताच्या खाचरापर्यंत! पण खाचराच्या उथळ पाण्यात प्रवाह मंद, खाद्य भरपूर आणि मोठे शिकारी मासे कमी, म्हणून अंडी तिथे घालायची.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचे लाल खेकडेही पहिल्या पावसाचीच वाट बघतात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मात्र ते जंगलातून खाली समुद्राकडे उतरतात, कारण खेकडा जमिनीवरचा असला तरी पिल्लांची वाढ खाऱ्या पाण्यातच होते. त्यांना पाऊस एकटा पुरत नाही, चंद्रही लागतो. कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या सुमारास, पहाटेपूर्वी ओहोटी लागताना मादी अंडी सोडते. एकेक मादी 1 लाखापर्यंत. नर आधी पोचून बिळं खणतात, हेही विशेष.

माशांचं गणित मला जास्त धोक्याचं वाटतं. पाऊस दडी मारून बसला तर खाचर आटतं, शिवाय वाटेत माणसं खोइन (मासे धरायचा सापळा) लावून बसलेली. खेकड्यांसाठी तिकडे रस्ते बंद ठेवतात, पूलही बांधलाय.