माल चोख, कार्ड फेकून द्या: एलईडी-रेझिस्टर किटचा अनुभव

भाचीसाठी पुठ्ठ्याचं दीपगृह करायला घेतलं, वर पांढरा दिवा, खिडक्यांत पिवळे, दारावर लाल. वीज तीन पेन्सिल सेलची, म्हणजे 4.5 व्होल्ट. त्यासाठी एलईडी आणि रेझिस्टर (एलईडीतून जाणारा प्रवाह आवरणारे भाग) एकत्र मिळणारं कप्प्याकप्प्यांचं किट मागवलं. दोन महिने वापरल्यावर लिहितोय.

एलईडी चांगले आहेत. लांब पाय धनाचा, कडेला चपटा काप असलेली बाजू ऋणाची. सगळे तपासले, एकही उलटा निघाला नाही. गोंधळ घातला तो सोबतच्या छापील कार्डाने. त्यात 4.5 व्होल्टला सरसकट 220 ओहम दिलेत, रंग कुठलाही असो! लाल एलईडी स्वतःवर सुमारे 1.9 व्होल्ट घेतो, पांढरा 3 च्या आसपास. म्हणजे लालच्या रेझिस्टरवर 2.6 व्होल्ट उरतात, पांढऱ्याच्या जेमतेम दीड. 220 ने भागा: लालमधून 12 मिलीअँपिअर, पांढऱ्यातून 7. इथवर चालून जातं. पण सेल उतरून 3.6 व्होल्टवर आले की लाल 8 वर येतो आणि पांढरा थेट 3 वर. दीपगृहाचा मुख्य दिवा मंदावला आणि दार मात्र झगझगत राहिलं, ते यामुळे. आता पांढऱ्याला 100 ओहम आणि लालला 1 किलो, म्हणजे 1000 ओहम लावलाय. लालला अडीच मिलीअँपिअरसुद्धा दाराला पुरतात, सेलही कितीतरी जास्त टिकतात.

कार्डावरची आकृती तर कहरच. तिच्यात वेगवेगळ्या रंगांचे एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर दाखवलाय. मी भाबडेपणाने तसंच जोडलं. पिवळे पेटले, पांढरा ढिम्म. पिवळ्याने जोडणी 2 व्होल्टवरच धरून ठेवली, पांढऱ्याला पेटायला लागणारा दाब मिळणार कुठून? सगळं उसकटून पुन्हा सोल्डर केलं, प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर देऊन. (एकाच रंगाचे असले तरी मी आता वेगळेच लावतो, दोन नगांत थोडा फरक असतोच.)

रेझिस्टर पाव वॅटचे, 1 टक्का फरकाच्या हद्दीतले, निळ्या अंगाचे, किती ओहम ते सांगणाऱ्या पाच रंगीत पट्ट्यांचे. मल्टीमीटरवर मोजलेले सगळे हद्दीत निघाले. पण निळ्यावर तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. त्यात पट्टे कुठल्या टोकाकडून वाचायचे? 1 किलो म्हणजे तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी. उलटा वाचला की 110 ओहम होतो. मी तसा वाचला आणि किटमध्ये 110 चा कप्पाच नाही हे पाहून ट्यूब पेटली. कप्प्यांवर आकडे आहेत म्हणून निभावतं, पण झाकण कप्प्यांना नीट टेकत नाही. डबा आडवा पडला की शेजारच्या कप्प्यातले नग इकडे येतात. मी तर लावण्याआधी प्रत्येक नग मोजतोच.

नगांची वाटणी मात्र कोणी डोळे मिटून केली असावी. 10 ओहमपासून 1 मेगापर्यंत (म्हणजे दहा लाख ओहम) प्रत्येकी वीस. बॅटरीवरच्या एलईडीला लागतात 100 ते 1 किलोच्या मधले. माझा 1 किलोचा कप्पा तळाला गेलाय, 1 मेगाचे वीसच्या वीस तसेच पडून आहेत.